प्रश्न हेच साधन : उपायकेंद्रित समुपदेशनाची ओळख

आपल्या वार्षिक अहवालात दरवर्षी नव्या यंत्रसामग्रीची माहिती दिली जाते. सोनोग्राफीचे यंत्र, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिका यांची छायाचित्रे छापता येतात आणि देणगीदारांना आपल्या दानाचे दृश्य रूप पाहावयास मिळते. समुपदेशन विभागाच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे एक टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या एवढीच सामग्री दिसते. साहजिकच ‘या खोलीत नेमके चालते काय?’ असा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत आणि देणगीदारांच्या भेटीगाठींत वरचेवर विचारला जातो. रुग्णांचे नातेवाईक तोच प्रश्न अधिक मोकळेपणाने विचारतात : ‘नुसतं बोलून काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे शक्य तितके सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मानसशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा त्याचा वकूब नाही. समुपदेशकांशी झालेल्या चर्चा, त्यांच्या प्रशिक्षणवर्गांत मागच्या बाकावर बसून ऐकलेली व्याख्याने आणि थोडेफार वाचन एवढ्याच भांडवलावर हे लेखन आहे. लेखातील संवाद समजुतीसाठी रचलेले आहेत, ते कोणा एका रुग्णाचे नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, आणि हा कायदा नसता तरीही अहवालात कोणाचे दुःख छापणे उचित झाले नसते.

प्रथम आपल्यासमोरची अडचण सांगितली पाहिजे, म्हणजे ही पद्धत का स्वीकारली हे कळेल. आपल्याकडे येणारी अनेक कुटुंबे दूरच्या गावांहून एस.टी.ने येतात. एका फेरीत दोघांच्या मजुरीचा खाडा होतो, गाडीभाडे वेगळे. अशा कुटुंबास ‘दर आठवड्यास या, वर्षभर या’ असे सांगणे म्हणजे ‘येऊ नका’ असे सांगण्यासारखेच आहे. पुष्कळदा पहिली भेट हीच शेवटची ठरते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत करण्यात आले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, तथापि चित्र आपल्याकडे फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रस्त व्यक्तींपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे त्यात आढळले. उपचारांपर्यंत पोहोचणारा माणूस इतका दुर्मीळ असेल, तर तो पाऊण तास आपल्यासमोर बसला असता त्या पाऊण तासाचे काय करावयाचे, हा प्रश्न केवळ शास्त्रीय उरत नाही.

मिलवॉकीची काच

उपायकेंद्रित समुपदेशन, म्हणजे इंग्रजीत ज्यास सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपी म्हणतात ती पद्धत, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात आकारास आली. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने १९७८ साली काही सहकाऱ्यांसह तेथे ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर ही संस्था सुरू केली. डी शेझर हे तरुणपणी सॅक्सोफोनवादक होते. बर्ग मूळच्या कोरियाच्या. औषधनिर्माणशास्त्र शिकण्यासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि पुढे समाजकार्याकडे वळल्या. त्यांच्या आधी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये अल्पकालीन उपचारांचे काम सुरू झालेले होते. माणूस अडचण सोडविण्यासाठी जे करतो, त्यानेच ती अडचण टिकून कशी राहते, याचा शोध तेथील मंडळी घेत. मिलवॉकीच्या गटाने नेमका उलटा प्रश्न विचारला : अडचण नसते तेव्हा काय घडत असते?

हा प्रश्न त्यांना ग्रंथांत सापडला नाही. समुपदेशनाच्या खोलीस एकतर्फी काच होती. काचेमागे सहकारी बसत आणि कोणत्या प्रश्नानंतर कुटुंब पुढे सरकते, कोणत्या प्रश्नानंतर अडून बसते, याची नोंद घेत. जे उपयोगी पडले ते ठेवले, बाकीचे टाकून दिले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभीचा एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. एका कुटुंबाने थोड्याथोडक्या नव्हे, २७ अडचणींची यादी मांडली. काम कोठून सुरू करावे हे कोणासच कळेना. तेव्हा कुटुंबास एवढेच सांगण्यात आले की, पुढच्या भेटीपर्यंत आपल्या जीवनात जे जे घडते त्यांपैकी काय असेच चालू राहावे असे वाटते, ते पाहून ठेवा. कुटुंब परत आले ते बऱ्याच गोष्टी सुधारल्याचे सांगतच. पुढे हीच सूचना इतरांना देऊन पाहण्यात आली आणि १९८४ पासून ती ‘पहिल्या भेटीचे काम’ म्हणून या पद्धतीच्या साहित्यात स्थिरावली.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच एका लहानशा पाहणीत, भेटीची वेळ ठरल्यानंतर प्रत्यक्ष भेटीपूर्वी काही बदल झाला का, असे ३० जणांना विचारले असता २० जणांनी ‘होय’ असे उत्तर दिले. संख्या लहान आहे, तिच्यावर मोठी इमारत उभारता येणार नाही. परंतु ज्यास आपण ‘उपचारांची सुरुवात’ म्हणतो, तिच्या आधीच माणूस स्वतः हातपाय हलवू लागलेला असतो, हे तिने दाखविले. हिशेबनीसाच्या भाषेत सांगावयाचे तर खाते उघडण्यापूर्वीच काही रक्कम जमा असते. ती कोणी विचारीत नाही, म्हणून नोंदली जात नाही.

डी शेझर २००५ साली आणि बर्ग २००७ साली निवर्तल्या. त्यांची पद्धत मात्र शाळा, तुरुंग, रुग्णालये, बालसंगोपन संस्था अशा नाना ठिकाणी पोहोचली.

‘का’ नव्हे, ‘कसे’

आता साधनांकडे वळू. ही सर्व साधने म्हणजे प्रश्न आहेत. दिसावयास इतके साधे की, यासाठी प्रशिक्षित माणूस कशाला हवा असे प्रथमदर्शनी वाटते.

पहिला प्रश्न भेटीच्या आरंभी येतो : ‘आजच्या बोलण्यातून काय झालं, तर इथवर येणं सार्थकी लागलं असं तुम्हाला वाटेल?’ बहुतेकांचे उत्तर नकारार्थी असते. ‘त्यानं दारू सोडावी.’ ‘हिचं रडणं थांबावं.’ ‘मुलानं मोबाईल टाकावा.’ समुपदेशक येथे थांबत नाही. ‘त्याऐवजी काय दिसावं?’ असे तो विचारतो. थांबावयाच्या गोष्टीकडून सुरू व्हावयाच्या गोष्टीकडे नेणारा ‘त्याऐवजी’ हा एक शब्द या पद्धतीत फार काम करतो. मुलाने मोबाईल टाकला, तर त्या वेळात तो काय करीत असलेला आईस आवडेल? बापाशेजारी बसून जेवावे, एवढेच तिचे म्हणणे असू शकते. ‘मोबाईल सोडणे’ हे मोजता येत नाही, पण शेजारी बसून जेवणे सायंकाळी आठ वाजता डोळ्यांना दिसते.

मराठीत एक अडचण आहे आणि तिच्याकडे आमच्या समुपदेशकांनी प्रारंभीच लक्ष वेधले. ‘का?’ हा आपला प्रश्न चौकशीचा कमी आणि जाबाचा अधिक असतो. ‘का उशीर झाला?’, ‘का खाल्लं नाहीस?’ यांत उत्तराची अपेक्षा थोडी आणि रागाची छटा मोठी. म्हणून शक्यतो ‘का’ टाळून ‘कसे’ विचारले जाते, आणि तेही चांगल्या गोष्टीविषयी. ‘काल गोळ्या वेळेवर घेतल्यात. कसं जमवलंत?’ ‘जमवणे’ आणि ‘निभावणे’ ही आपली दोन क्रियापदे या कामासाठीच घडविली असावीत असे वाटावे इतकी नेमकी आहेत. त्यांत कर्तृत्व येते, पण बढाई येत नाही.

‘चमत्काराचा प्रश्न’ हे या पद्धतीचे सर्वांत गाजलेले साधन. ‘आता चमत्कारच व्हायला हवा’ असे एका अगतिक स्त्रीने म्हणताच बर्ग यांनी ‘बरं, समजा झाला’ असे म्हणून तोच धागा पकडला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. प्रश्न सावकाश, मध्ये थांबत थांबत विचारावयाचा असतो. आज तुम्ही घरी जाल, स्वयंपाक-जेवण होईल, आवराआवर होईल, घर निजेल. समजा, रात्री तुम्ही झोपेत असताना एक चमत्कार घडला आणि ज्यासाठी आज आलात ती अडचण सुटली. पण तुम्ही झोपेत होता, म्हणून तुम्हाला ते ठाऊक नाही. सकाळी उठल्यावर कोणती पहिली गोष्ट पाहून तुम्हाला वाटेल की, काहीतरी बदललं आहे?

आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी हे ऐकताच ‘हे रुग्णालय आहे, येथे चमत्काराची भाषा नको’ असा आक्षेप घेतला होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. अंगारे-धुपारे, नवस, बाहेरचे बघणारे यांच्या दारी जाऊन, खिसा रिकामा करून मग आपल्याकडे आलेल्या कुटुंबास ‘चमत्कार’ हा शब्द भलत्याच दिशेने नेऊ शकतो. तेव्हा समुपदेशक माणूस पाहून शब्द योजतात. कित्येकदा चमत्कार वगळून ‘समजा, उद्याची सकाळ तुम्हाला हवी तशी उजाडली’ एवढेच म्हटले जाते. त्याने काही बिघडत नाही, कारण प्रश्नाचे बळ त्याच्या पुढच्या भागात आहे. उत्तर आले की, ‘आणखी काय?’ असे विचारले जाते. मग पुन्हा, ‘आणखी काय?’ आणि त्यानंतर : ‘घरात हे सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात येईल? सासूबाईंच्या? त्यांना काय दिसेल?’ एखादी सून म्हणते, ‘मी उठून आधी चूल पेटवीन, आणि चहाचा कप त्यांच्या हातात देईन. नेहमी ठेवून जाते.’ हातात देणे आणि ठेवून जाणे यांत काय आहे हे आपण मराठी घरांत वाढलेल्या सर्वांना कळते. अशी बारीक गोष्ट बाहेरच्या कोणासही सुचविता आली नसती. ती तिलाच ठाऊक होती.

श्रावणातला माणूस

सर्वांत उपयोगी साधन कोणते असे विचारल्यास आमच्याकडील समुपदेशक अपवादांच्या प्रश्नाचे नाव घेतात. कोणतीही अडचण चोवीस तास, बारा महिने सारख्याच तीव्रतेने नसते. ती नव्हती किंवा कमी होती अशा वेळा शोधावयाच्या आणि त्या वेळी काय वेगळे घडत होते ते बारकाईने विचारावयाचे. दारूच्या संदर्भात आपल्याकडे असा अपवाद पंचांगातच छापलेला असतो. गटारी अमावास्येपर्यंत न चुकणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबालाही शिवत नाही, असे अनेक घरांत दिसते. घरचे लोक यावर ‘श्रावण संपला की पुन्हा तेच’ एवढेच म्हणतात. समुपदेशक मात्र त्या महिन्यापाशी थांबतो.

‘श्रावणात घेत नाही म्हणालात. तीस दिवस. हे कसं जमवता?’

‘श्रावण असतो ना, मॅडम. पाळावाच लागतो.’

‘पाळायचं म्हणणारे पुष्कळ असतात, दादा. तुम्ही पाळलात. संध्याकाळी सात वाजता, एरवी पाय नाक्याकडे वळतात त्या वेळेला, श्रावणात काय करत होता?’

‘लवकर घरी यायचो. आई पोथी वाचते, तिथं टेकायचो. मोटरसायकल भावाकडे ठेवली होती, म्हणजे नाक्यावर जाणंच नको.’

पत्नीकडे वळून : ‘ताई, तुम्हाला काय दिसत होतं त्या महिन्यात?’

‘पोरगी त्यांच्यापाशी अभ्यासाला बसायची. एरवी लांब असते.’

‘यातली कोणती एक गोष्ट भाद्रपदात चालू ठेवता येईल?’

मोटरसायकल भावाकडे ठेवणे ही युक्ती त्या माणसाने स्वतः शोधलेली आहे. ती कोणत्याही पुस्तकात नाही, आणि बाहेरून आलेली नसल्याने ती टिकण्याचा संभव अधिक. बर्ग यांनी स्कॉट मिलर यांच्यासमवेत मद्यपानाच्या समस्येवर याच पद्धतीचे पुस्तक १९९२ साली लिहिले आहे. त्यातही शोध याच गोष्टींचा आहे : न पिण्याच्या दिवशी माणूस काय करतो.

येथे एक वैद्यकीय सूचना अवश्य. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केल्यास थरकाप, आकडी, भ्रम असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून समुपदेशनापूर्वी किंवा सोबत डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे ती सक्तीची आहे. गेल्या श्रावणात काही त्रास झाला नाही, हे या वर्षाचे प्रमाणपत्र नव्हे.

रुपयात किती आणे?

मोजपट्टीचा प्रश्न लेखकाच्या विशेष आवडीचा, हे पेशास धरूनच आहे. शून्य म्हणजे सर्वांत वाईट अवस्था आणि दहा म्हणजे हवी असलेली अवस्था. ‘आज तुम्ही कुठं आहात?’ समजा, उत्तर ‘तीन’ आले. आपण सामान्यजन लगेच सात उणे धरतो. समुपदेशक तीन जमा धरतो. ‘तीन? म्हणजे शून्य नाही. काय आहे या तिनात?’ ते सर्व मोजून झाल्यावर मग पुढचा प्रश्न, आणि तोही दहाचा नव्हे : ‘चारावर आलात, हे तुम्हाला कशावरून कळेल?’ चारदेखील मोठा वाटल्यास साडेतीन विचारतात.

रुग्णालयात या साधनाने सुरुवातीस गोंधळ उडविला. वॉर्डातील परिचारिका दिवसातून अनेकदा ‘शून्य ते दहा, दुखणं किती?’ असे विचारतात. तेथे दहा म्हणजे असह्य वेदना. तोच रुग्ण दुपारी समुपदेशकाकडे आला की तेथे दहा म्हणजे उत्तम. एका दिवसात दोन उलट्या मोजपट्ट्या. शिवाय शाळेची पायरी न चढलेल्या वृद्धांना दहापैकी गुण ही कल्पनाच परकी वाटते, आणि शिकलेल्यांना ती परीक्षेची आठवण करून देते. यावर तोड निघाली ती आपल्याच बोलीतून. ‘रुपयात किती आणे बरं वाटतंय?’ हा प्रश्न साठीच्या पुढच्या कोणासही समजावून सांगावा लागत नाही. ‘असेल चार आणे’ असे उत्तर सहज येते, आणि ‘पाच आणे झालं, तर घरात काय दिसेल?’ यावर ते विचार करू लागतात. दशमान नाणी १९५७ साली आली, पण आणे आपल्या बोलण्यातून गेले नाहीत. तरुणांसाठी जिन्याच्या पायऱ्यांचे चित्र ठेवले आहे.

काहींच्या बाबतीत अपवाद सापडतच नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणारा रुग्ण, अंथरुणास खिळलेल्या पतीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी पत्नी, मतिमंद मुलाची वृद्ध होत चाललेली आई यांना ‘चांगले दिवस कोणते?’ असे विचारणे क्रूरपणाचे होईल. त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा असतो : ‘मावशी, एवढं सगळं असताना आज सकाळी उठून, आवरून इथं आलात. हे कसं निभावता?’ या प्रश्नानंतर अनेकदा बराच वेळ कोणी बोलत नाही. अशा शांततेस घाबरू नये, असे समुपदेशकांना शिकविले जाते.

भेटीच्या अखेरीस समुपदेशक पाच-दहा मिनिटे बाहेर जातो. मिलवॉकीस तो काचेमागील सहकाऱ्यांशी सल्लामसलत करी. आपल्याकडे ना काच, ना सहकाऱ्यांचा ताफा. तो व्हरांड्यात उभा राहून टिपणे चाळतो. परत आल्यावर कुटुंबाने स्वतः जे जे साधले असे बोलण्यातून दिसले, त्याची नेमकी दाद देतो आणि लहानसे निरीक्षणाचे काम सोपवितो. ‘तुम्ही फार धीराच्या आहात’ ही दाद नव्हे. ‘नवऱ्याचं औषध, मुलाची शाळा आणि सासऱ्यांचं पथ्य ही तीन वेळापत्रकं तुम्ही एका वहीत सांभाळता’ ही दाद. दुसऱ्या भेटीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मागच्या वेळेपासून काय बरं झालं?’

मर्यादा

ही पद्धत म्हणजे ‘सकारात्मक विचार करा’ हा भिंतीवरचा फलक नव्हे. माणसाचे दुःख ऐकून घेण्याआधी अपवाद विचारणे, हे जखम न पाहता पट्टी बांधण्यासारखे होय. तसेच ती औषधांस पर्याय नाही. तीव्र नैराश्य, भास-भ्रम, उन्मादाची अवस्था यांत प्रथम मनोविकारतज्ज्ञ, मग हे प्रश्न. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्या व्यक्तीची थेट विचारपूस केली जाते, तिला एकटे सोडले जात नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे नेले जाते. घरी असताना रात्री-अपरात्री अशी वेळ आल्यास शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. कुटुंबीयांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

याहून गंभीर मर्यादा मारहाणीच्या प्रकरणांत दिसते. पती मारहाण करीत असता पत्नीस ‘तो मारत नाही त्या दिवशी तुम्ही वेगळं काय करता?’ असे विचारणे म्हणजे मारणाऱ्याचा दोष मार खाणारीच्या माथी मारणे. साधन तेच, परंतु भलत्या जागी वापरले तर अन्याय घडविणारे. अशा वेळी आमच्याकडील समुपदेशकांचे प्रश्न तिच्या सुरक्षिततेपुरते असतात : यापूर्वी कशामुळे बचाव झाला, कोणाकडे जाता आले, कागदपत्रे कोठे आहेत. आणि त्यासोबत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाखालील संरक्षण अधिकाऱ्यांशी तिची गाठ घालून दिली जाते. दारिद्र्य, कर्ज, बेकारी यांवरही प्रश्नांची मात्रा चालत नाही. ज्याच्या घरात गोळ्यांना पैसे नाहीत त्याला मोजपट्टी दाखविण्याआधी आमच्या समाजसेवा विभागाकडे पाठविलेले बरे.

गुण किती येतो, हे विश्वस्तांनी विचारणे साहजिक आहे. जिंजरिच आणि पीटरसन या संशोधकांनी २०१३ साली ४३ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी ३२ अभ्यासांत, म्हणजे ७४ टक्क्यांत, लक्षणीय लाभ दिसून आला. प्रौढांच्या नैराश्याबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम ठरला. तेथे ही पद्धत अन्य प्रस्थापित उपचारांच्या तोडीची आढळली. ४३ पैकी ४३ नव्हे, ही बाबही त्याच आकड्यात आहे, आणि ती देणगीदारांसमोर मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

खर्चाविषयी. चार खुर्च्या स्वस्त आहेत, त्यावर बसणारा प्रशिक्षित माणूस नाही. हे प्रश्न पाठ करण्यास एक दुपार पुरते. समोरच्या माणसाच्याच शब्दांतून पुढचा प्रश्न उचलण्यास काही वर्षे लागतात, त्यासाठी ज्येष्ठांकडून नियमित मार्गदर्शन लागते आणि प्रशिक्षणाचा खर्च दरवर्षी करावा लागतो. दिवसाकाठी किती रुग्ण ‘पाहिले’ या कसोटीवर या विभागास तोलू नये, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. बाह्यरुग्ण विभागात एका तासात जितके रुग्ण तपासून होतात, तितक्या वेळात येथे एक कुटुंब बोलून होते. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेत निर्धन व दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांचा हिशेब ठेवावा लागतो. समुपदेशनास खाटच लागत नसल्याने त्या तक्त्यात हा विभाग दिसत नाही. म्हणून त्याची स्वतंत्र नोंद या वर्षापासून अहवालात घेण्याचे योजिले आहे.

कुटुंबीयांना एक सांगणे. घरी परतल्यावर रुग्णास रोज ‘आज दहापैकी किती?’ असे विचारू नये. ती हजेरी होते. त्याऐवजी एखादी बरी गोष्ट दिसली, तर ती मनात टिपून ठेवावी आणि पुढील भेटीत सांगावी. भेटीस येताना शक्य असल्यास घरातील आणखी एका व्यक्तीस सोबत आणावे, कारण ‘हे कोणाच्या ध्यानात येईल?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच व्यक्तीकडे असते. रुग्णाने आत काय सांगितले हे समुपदेशक त्याच्या संमतीविना नातेवाइकांना सांगणार नाहीत. याबद्दल रोष धरू नये.

समुपदेशन कक्षाची एक भिंत बिल काउंटरला लागून आहे. टोकन क्रमांकाची घोषणा आणि रांगेतील वादावादी आत स्पष्ट ऐकू येते. अर्थात आतले बोलणेही बाहेर ऐकू जात असणार. दाराला अद्याप झडपेची काच आहे, तिच्यातून येणारे-जाणारे डोकावतात. कक्ष पहिल्या मजल्यावरील जुन्या नोंदणी खोलीत हलवून तेथे जाड दार बसविण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. त्याचे अंदाजपत्रक कार्यालयीन वेळेत कोणाही देणगीदारास पाहावयास मिळेल.